जुना संगणक आणि स्वावलंबनाचे राजकारण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली जगभर कोट्यवधी यंत्रांवर बसवलेली होती. आधार काढून घेतला म्हणजे त्या दिवशी यंत्रे बंद पडली असे नव्हे. यापुढे प्रणालीत जी छिद्रे सापडतील ती बुजवण्याची जबाबदारी कंपनीने झटकून टाकली, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना एखाद्या वर्षाची मुदतवाढ हवी असेल त्यांनी कंपनीच्या अटी मान्य कराव्यात अथवा पैसे मोजावेत, अशी व्यवस्था करण्यात आली. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, जुन्या ग्राहकाला विनामूल्य मिळते हे खरे; परंतु त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर असावा लागतो. बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील.

ही बातमी महानगरी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानावर येऊन गेली. आपल्या चळवळीत तिची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. हा प्रश्न फैजपूरसारख्या गावाचा कसा, असेही कोणी विचारील. फैजपूर-सावदा-यावल-रावेर या पट्ट्यातील शाळांच्या संगणक-खोल्या, विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, ग्रामपंचायती, सार्वजनिक वाचनालये आणि आपल्या संघटनांची कार्यालये डोळ्यांसमोर आणावीत. काही यंत्रे आमदार निधीतून मिळालेली, काही लोकवर्गणीतून घेतलेली, काही जळगावच्या दुकानात सुटे भाग जुळवून तयार केलेली. शेठजीच्या मुलाच्या टेबलावरचा संगणक तीन वर्षांनी बदलतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतला बदलत नाही. तो मंदावतो, कुरकुरतो, मग त्यावर कापड पडते आणि खोलीला कुलूप लागते. कंपनीच्या निर्णयाचा भार याच खोलीवर सर्वांत अधिक पडणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या यंत्रांपैकी पुष्कळशी यंत्रे लिनक्स या मुक्त प्रणालीची छाटणी करून, तिला हलके करून, आणखी कित्येक वर्षे उपयोगात ठेवता येतात. हे काम तांत्रिक आहे तितकेच राजकीयही आहे, आणि म्हणून ते कार्यकर्त्यांचे काम आहे.

यंत्र मरते की मारले जाते?

अर्थशास्त्रात यंत्राच्या आयुष्याचे दोन हिशेब असतात. एक हिशेब वहीतला. आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरण्याची मुभा राहिली आहे. त्या हिशेबाने शंभर रुपयांच्या यंत्राची वहीतील किंमत पाच वर्षांनी आठ रुपयांच्या आत येते. दुसरा हिशेब लोखंडाचा व तांब्याचा. त्या हिशेबाने चांगला ठेवलेला संगणक दहा-पंधरा वर्षे सहज काम देतो. या दोन हिशेबांमधली जी तफावत आहे तिच्यावरच बाजार उभा आहे. यंत्र झिजण्यापूर्वी ते जुने ठरवणे ही उद्योगधंद्याची जुनी युक्ती होय. १९२४ साली विजेच्या दिव्यांचे जगातील प्रमुख उत्पादक जिनिव्हा येथे एकत्र आले आणि त्यांनी फीबस नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा करार केला. त्यापूर्वी त्याहून अधिक टिकणारे दिवे तयार होतच होते. संगणकाच्या बाबतीत अशा उघड कराराचीही गरज उरलेली नाही. प्रणालीचा पुढचा अवतार थोडा अधिक जड करावा, जुन्या अवताराचा आधार काढावा, की ग्राहक आपल्या पायांनी दुकानात येतो.

या व्यवहाराची किंमत कोण देते? २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने प्रसिद्ध केलेला २०२४ चा अहवाल सांगतो, त्यातील २२.३ टक्के कचराच रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो, आम्लात बुडवला जातो, जाळला जातो. तेथे काम करणारी माणसे आपल्याच वर्गाची आहेत. शिवाय लॅपटॉप आयुष्यभरात पर्यावरणाची जी हानी करतो तिचा मोठा हिस्सा तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. तेव्हा चालते यंत्र फेकून ‘कमी वीज खाणारे’ नवे आणणे हा पर्यावरणाचा विचार आहे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

छाटणी कशाची?

आता मूळ विषयाकडे वळू. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या घरच्या ३८६ जातीच्या संगणकावर लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने या गाभ्याला येऊन मिळाली आणि एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. जीपीएल या परवान्याने तिचे वापरणे, तपासणे, बदलणे आणि वाटणे हे सर्वांचे हक्क ठरवले. बदल करून वाटणाऱ्याने तेच हक्क पुढच्याला द्यावेत, अशी अट घातली. सहकाराच्या चळवळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. एकच गाभा एवढ्या मोठ्या व एवढ्या लहान यंत्रांत चालतो, याचे कारण तो सुट्या भागांचा बनलेला आहे. हवे ते ठेवता येते, नको ते काढता येते.

जुन्या यंत्राला जड होतो तो बहुधा गाभा नव्हे. जड होतो तो त्यावरचा पडदा, म्हणजे चित्रांनी आणि हालचालींनी सजवलेले दर्शनी रूप, आणि पाठीमागे न विचारता चालणाऱ्या सेवा. गनोमसारखे सजवलेले दर्शनी रूप संगणक सुरू होताच साधारण एक जीबी किंवा त्याहून अधिक रॅम अडवून बसते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखी साधी रूपे त्याच्या निम्म्याच्या आसपास भागवतात. आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स यांसारखे केवळ खिडक्या सांभाळणारे कार्यक्रम घेतले तर दोनशे-तीनशे एमबीत यंत्र कामाला लागते. हे आकडे यंत्रागणिक बदलतील. पण २ जीबी रॅमच्या संगणकाला हा फरक जगण्या-मरण्याचा असतो.

पाठीमागच्या सेवांचेही तसेच. यंत्राला छपाईचे साधन जोडलेले नसताना छपाईची सेवा चालू असते. ब्लूटूथ नसताना ब्लूटूथची सेवा जागी असते. साऱ्या फायलींची सूची करणारा एक कार्यक्रम दिवसभर हार्ड डिस्क खरवडत बसतो. आमच्या भागातल्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगावे लागत नाही. बुंध्याभोवती फुटणारी पिले वेळच्या वेळी कापली नाहीत तर मुख्य झाडाचे अन्न तीच खातात आणि घड बारीक राहतो, हे तो जाणतो. पण कोणते पील पुढच्या बागेसाठी राखावयाचे हेही तो जाणतो. सेवा बंद करतानाही हाच विवेक हवा. सुरक्षेच्या सुधारणा आणणारी सेवा ‘वेग वाढतो’ म्हणून बंद करणारा मेकॅनिक हा बागेतले चांगले झाड तोडणारा मजूर होय.

छाटणी आपण स्वतः केली पाहिजे असेही नाही. ती करून ठेवलेल्या प्रणाली उपलब्ध आहेत. उबुंटूची हलकी बहीण लुबुंटू आहे, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे. २००३ साली सुरू झालेली पपी लिनक्स काही शे एमबीची असून पेन ड्राइव्हवरून थेट रॅममध्ये जाऊन बसते. हार्ड डिस्क मेलेल्या यंत्रावरही ती चालते. टायनी कोअर तर वीसेक एमबीत मावते, मात्र ती नवख्याचे काम नव्हे. ग्रीसमधून चालवली जाणारी अँटीएक्स ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असून ती खास जुन्या यंत्रांसाठी तयार करण्यात आली आहे, आणि आपण फॅसिझमविरोधी आहोत असे ती उघडपणे जाहीर करते. यंत्रविद्येला राजकारण नसते असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

याखेरीज तीन व्यवहारी गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली आणि शक्य तेथे रॅम ४ जीबीपर्यंत नेली, तर थोड्या खर्चात यंत्राचे रूप पालटते. दुसरी, लिनक्समध्ये झेडरॅम नावाची सोय आहे. ती रॅममधील पडून असलेला मजकूर दाबून लहान करते आणि तेवढ्याच रॅममध्ये अधिक काम बसवते. तिसरी गोष्ट ब्राउझरची. प्रणाली कितीही हलकी केली तरी आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत. दोन परिच्छेदांच्या बातमीसोबत जाहिराती आणि वाचकावर पाळत ठेवणारे कार्यक्रम ढिगाने उतरतात. जाहिराती अडवणारे साधन बसवणे आणि एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवणे, हे जुन्या यंत्राचे पथ्य आहे. आणखी एक लाभ आमच्याकडच्या हवेचा. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत प्रोसेसरवरचा भार कमी झाला की यंत्र तापणे, पंखा घरघरणे आणि मध्येच बंद पडणे हेही कमी होते. अर्थात त्याआधी आतली धूळ ब्रशने झाडली पाहिजे. ते काम कोणतीही प्रणाली करीत नाही.

मराठीचे काय, हा प्रश्न योग्यच आहे. युनिकोड मराठी लिनक्समध्ये उत्तम दिसते. लोहित, नोटो यांसारखे टंक विनामूल्य आहेत आणि इनस्क्रिप्ट कळपाटासाठी वेगळे पैसे वा वेगळा कार्यक्रम लागत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली बॉस नावाची डेबियनवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसाठीच काढली. अडचण आहे ती जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या मजकुराची. तो रूपांतरित करावा लागतो आणि त्यात चुका राहतात. पण ती अडचण विंडोजवरही आहे. ज्या टंकांच्या किल्ल्या खाजगी दुकानदारांच्या हाती होत्या त्या टंकांत आपण पंचवीस वर्षे लिहीत राहिलो, त्याचा हा दंड आहे.

गांधीजींची अट, लोहियांचे छोटे यंत्र

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, हे या भागातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्या अधिवेशनात जवाहरलाल अध्यक्ष होते, शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला आणि किसान सभेचे दुसरे अधिवेशनही त्याच वेळी येथे भरले. नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या आग्रहावरून अधिवेशनाची नगरी गावात मिळणाऱ्या बांबूसारख्या सामग्रीतून उभी केली. हा आग्रह दारिद्र्याच्या हौसेपोटी नव्हता. गावात मिळणारे साहित्य गावचा कारागीर दुरुस्त करू शकतो, आणि ज्याची दुरुस्ती आपल्या हाती त्यावर मालकी आपली, असा त्यामागचा विचार होता.

त्याच विचाराचा यंत्राला लावलेला नेमका कस १९२९ साली पाहावयास मिळतो. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम केवढी होती हे सांगावयास नको. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके व सहज हलवता येण्याजोगे असावे. खेड्यातल्या झोपडीत चालावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. ते भारतात तयार होणारे असावे. योग्य दुरुस्ती करीत गेल्यास वीस वर्षे टिकावे. आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. गांधीजींना यंत्रविरोधी ठरवून मोकळे होणाऱ्यांनी या अटींतील अभियंत्याची शिस्त पाहावी. किंमत, आयुष्य, दुरुस्ती आणि स्थानिक उत्पादन या चार कसोट्या त्यांनी आकड्यांत मांडल्या. आज शासन शाळांसाठी संगणक खरीदते तेव्हा निविदेत प्रोसेसरचा वेग व पडद्याचे इंच नमूद असतात. वीस वर्षांचे राहू द्या, दहा वर्षे टिकण्याची आणि दुरुस्तीच्या खर्चाच्या मर्यादेची अट आपण का घालू नये?

डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राचा सिद्धांत मांडला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनीही अवाढव्य यंत्र हेच प्रगतीचे माप मानले; दाट लोकसंख्येच्या व अपुऱ्या भांडवलाच्या देशांना ते माप लागू पडत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. संगणक हे आकाराने छोटे यंत्र आहे; पण त्याचा लगाम जर समुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या दप्तरात असेल तर ते लोहियांच्या अर्थाने छोटे यंत्र नव्हे. मुक्त प्रणाली बसवलेला, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा संगणक त्या अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो. पुष्कळ जवळ एवढेच म्हणतो, कारण प्रोसेसर आजही परदेशातूनच येतो, हे विसरून चालणार नाही. पण म्हणूनच आलेला प्रोसेसर अधिक काळ राबवणे हे परकीय चलनाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. आणि दुरुस्तीवर खर्च झालेला रुपया यावल-रावेरच्या तरुणाच्या हातात पडतो, नव्या यंत्रावरचा बव्हंशी बाहेर जातो.

खैराट आणि केरळ

महाराष्ट्रात अशा हलक्या लिनक्सचा एक प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. निकोलस निग्रोपोंटे यांनी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना २००५ मध्ये जगापुढे मांडली. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण एवढ्याच भांडवलावर फेडोरा या लिनक्सची छाटलेली आवृत्ती आणि मुलांसाठीचे शुगर नावाचे दर्शनी रूप त्यात चालत असे. वीज ती अत्यल्प खाई. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली. तरीही ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट या छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत विसेक मुलांच्या हाती ही यंत्रे आली. एवढ्या अल्प सामग्रीत मुले लिहू, चित्रे काढू, संगीत रचू शकतात हे तेथे दिसून आले. मात्र प्रयोग खैराटच्या पलीकडे महाराष्ट्रभर पसरला नाही. शंभर डॉलरचे यंत्र प्रत्यक्षात पावणेदोनशे डॉलरांच्या वर गेले. यंत्र बाहेरून आले, सुटे भाग बाहेरचे, आराखडा बाहेरचा. शिक्षणखाते, शिक्षक आणि स्थानिक कारागीर यांच्यामध्ये या योजनेची मुळे रुजली नाहीत.

याच्या उलट उदाहरण केरळचे. तेथे २००१ साली आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू झाला. खाजगी कंपनीची प्रणाली अभ्यासक्रमातून शिकवण्यास शिक्षक-चळवळीतून विरोध झाला आणि काही वर्षांत सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आले. सरकारे डावी आली, काँग्रेस आघाडीची आली, धोरण टिकले. २०१७ साली या प्रकल्पाचे काइट या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि शाळांसाठी तिने स्वतःची लिनक्स आवृत्ती चालू ठेवली. केरळने चमत्कारी यंत्र आणले नाही. त्याने शिक्षकांना शिकवले, पाठ्यपुस्तके मल्याळममध्ये लिहिली आणि मिळेल त्या यंत्रावर ती चालवली.

आणि महाराष्ट्र? २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लाखो तरुणांनी पैसे भरून पूर्ण केला. अनेक सरकारी पदांना तो किंवा त्यासमान प्रमाणपत्र लागते. त्याने खेड्यातल्या मुलामुलींना संगणकाची भीती मोडावयास मदत केली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा कणा विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हाच राहिला. शासकीय प्रमाणपत्राच्या बळावर एका खाजगी कंपनीला पिढ्यान्‌पिढ्या ग्राहक तयार करून देणे, याला शिक्षण म्हणावे की विक्री-विभाग, याचा विचार व्हावा.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. धनिकांच्या मुलांना नवी यंत्रे आणि गरिबांच्या मुलांना धुऊन-पुसून दिलेले भंगार, ही कसली समता? या आक्षेपातील संताप माझाही आहे. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. जुने यंत्र चालू ठेवणे हा नव्या यंत्राच्या मागणीला पर्याय नव्हे; शाळेला पुरेसे व चांगले संगणक देण्याचे शासनाचे कर्तव्य त्याने कमी होत नाही. आणि आपणही एक किमान रेषा आखली पाहिजे. माझ्या मते ६४-बिटचा प्रोसेसर व २ जीबी रॅम ही ती रेषा असावी. त्याखालच्या यंत्रांना मुक्त प्रणालीही हळूहळू निरोप देत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिटच्या जुन्या संगणकांवर प्रणाली बसवण्याची सोय बंद केली. रेषेखालचे यंत्र दान म्हणून कोणी देऊ केले तर ते नम्रपणे नाकारावे. श्रीमंतांचा कचरा फुकट उचलणे ही समाजसेवा नव्हे. मात्र प्रणालीबाबत दुय्यमपणाचा प्रश्न येत नाही. देशातले शास्त्रज्ञ जी वापरतात तीच ही प्रणाली आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. विंडोजची प्रत दुकानदार फुकटच टाकून देतो, मग एवढा खटाटोप कशाला? चोरीची प्रत ही मक्तेदारीची शत्रू आहे असे वाटते. वस्तुतः ती तिची दलाल आहे. सवय तीच लावते. शिवाय कुलूप फोडणाऱ्या त्या कार्यक्रमांबरोबर काय काय आत येते याचा भरवसा नाही, आणि पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या यंत्रावर सभासदांचे हिशेब असतात.

तिसरा आक्षेप असा की काही कामे विंडोजवाचून अडतात. हे खरे आहे. टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजसाठीच तयार होतो. डिजिटल सहीच्या काही उपकरणांचीही अडचण येते. अशा कार्यालयाने एक नवे यंत्र त्या कामासाठी ठेवावे आणि उरलेली यंत्रे लेखन, पत्रव्यवहार, वाचन, शिक्षण यांसाठी मुक्त करावीत. सर्व किंवा काहीच नाही असा हट्ट धरल्याने चांगले उपक्रम बुडतात. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरवले, सुमारे पंधरा हजार यंत्रे वळवलीही. पण राजकीय नेतृत्व बदलले आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. म्हणजे शेवटी प्रश्न तंत्राचा राहत नाही, पाठबळाचा होतो.

करावयाचा कार्यक्रम

एवढ्या विवेचनानंतर आपण काय करावयाचे ते सांगितले नाही तर लेख वांझ ठरेल. यावल व रावेर या दोन तालुक्यांपासून प्रारंभ करावा, असे मी सुचवतो.

१. शाळा, वाचनालये, सोसायट्या व आपली कार्यालये येथील बंद व मंद संगणकांची पाहणी करावी. प्रत्येकाचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आणि बंद पडण्याचे कारण, एवढी चार रकान्यांची वही पुरे.

२. कोणत्याही यंत्रातले काही पुसण्यापूर्वी त्यातील कागदपत्रांची प्रत काढावी. मग पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली केवळ चालवून पाहावी. आवाज, वाय-फाय, छपाई चालते याची खात्री झाल्यावरच ती बसवावी.

३. सर्व ठिकाणी एकच प्रणाली निवडावी. पंधरा जाणकार पंधरा आवृत्त्यांची शिफारस करतील. त्यांचे ऐकून घ्यावे आणि एकीवर ठाम राहावे. एकाची अडचण दुसऱ्याला सोडवता येते ती त्यामुळेच.

४. प्रत्येक तालुक्यात किमान दोन तरुण व दोन तरुणी यांना हे काम शिकवावे आणि त्यांच्या श्रमाचे दाम द्यावे. प्रणाली विनामूल्य आहे. माणसाचे श्रम विनामूल्य नाहीत. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स व लिब्रेऑफिसवरील पाठ मराठीतूनही मिळतात आणि ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात.

५. जिल्हा परिषदेकडे मागणी करावी की, कोणत्याही संगणकाचे निर्लेखन करण्यापूर्वी तो मुक्त प्रणालीवर चालतो काय याची तपासणी सक्तीची करावी; नव्या खरेदीच्या निविदेत टिकाऊपणाची व दुरुस्तीची अट घालावी; आणि शासनाच्या संगणक-परीक्षांत मुक्त प्रणालीचा पर्याय द्यावा.

६. जी यंत्रे खरोखरच मेली आहेत त्यांतील उपयोगी भाग काढून घ्यावेत आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे पाठवावा.

हा कार्यक्रम क्रांतीचा नाही. याने मायक्रोसॉफ्टचे सिंहासन डळमळणार नाही, आणि तसे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पण चळवळीचे बळ मोर्चातल्या घोषणेत असते तितकेच कुलूप उघडलेल्या खोलीतही असते. मालकी कोणाची, किंमत कोणी ठरवावी, यंत्र कधी मेले हे कोणी सांगावे, हे प्रश्न पुस्तकातून शिकवून जितके समजत नाहीत तितके बंद पडलेला संगणक स्वतःच्या हाताने चालू करताना समजतात. येत्या उन्हाळी सुटीत शाळांच्या संगणक-खोल्या मोकळ्या असतील. पाहणीची वही घेऊन तेव्हाच निघावे. शाळा उघडण्याच्या दिवशी निदान काही खोल्यांची कुलुपे निघालेली असावीत.